काटा हिरव्यात आहे ना, भाऊ?

अमरावती ते अकोला. जेमतेम शंभर किलोमीटरचा रस्ता. एका टोकाला बेलोऱ्याची नवी कोरी धावपट्टी, दुसऱ्या टोकाला शिवणीची म्हातारी. या वीकएण्डला या दोघींच्या मधून एक चक्कर मारूया... तीही छोट्या विमानाच्या डॅशबोर्डवर नजर ठेवून!

वऱ्हाड म्हटलं की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत तीनच गोष्टी निघतात. कापूस, ऊन आणि 'तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय?' हा प्रश्न. मेळघाटचे वाघ पाहायला जाणारी मंडळी अमरावतीत फक्त रात्रीपुरती टेकतात आणि अकोला तर बऱ्याच जणांना ट्रेनच्या खिडकीतूनच माहीत असतं. पण बॉस, हा पट्टा आता वेगळ्या कारणासाठी बघायला हवा. इथल्या आभाळात विमानं शिकायला येणार आहेत. होय, विमानंच. दोन-चार सीटची, पुढे एकच पंखा असलेली, लांबून पाहिली तर खेळण्यातली वाटणारी.

आणि अशा विमानात बसलेल्या विशीतल्या पोराचा किंवा पोरीचा जीव कशावर अवलंबून असतो, माहितीये? समोरच्या पॅनेलवरच्या पाच-सहा काट्यांवर. आकाश, ढग, क्षितिज हे सगळं नंतर. आधी इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं. ते बोलतं काट्यांच्या भाषेत. ही भाषा शिकायला पायलट व्हायची गरज नाही. गाडी काढा, निघूया.

बेलोरा : रनवे लांबला, स्वप्नंही

अमरावतीहून बडनेऱ्याकडून यवतमाळ रस्त्याला लागलं की बेलोरा येतं. शहरापासून पंधराएक किलोमीटर. १९९२मध्ये इथं धावपट्टी झाली. पण त्यानंतरची बरीच वर्षं तिच्यावर उतरली ती मुख्यतः नेतेमंडळींची छोटी विमानं. ज्या अमरावतीच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, २००९मध्ये, पुण्याहून सुखोईत बसून भरारी मारून आल्या, त्या अमरावतीला स्वतःचं प्रवासी विमान मिळायला २०२५ उजाडावं लागलं! १३७२ मीटरची धावपट्टी १८५० मीटर झाली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर ७२ इथं उतरलं. नागपूर आणि गोंदियानंतर प्रवासी विमान उतरणारं विदर्भातलं हे तिसरं ठिकाण.

पण आपल्याला इंटरेस्ट आहे तो दुसऱ्या बातमीत. २०२४मध्ये एअर इंडियाने जाहीर केलं की बेलोऱ्यात वैमानिक घडवणारी शाळा काढायची. वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचा बेत. त्यासाठी ३४ विमानं. त्यातली ३१ एका इंजिनाची, ३ दोन इंजिनांची. पुढच्याच वर्षी ऑर्डरही गेली. एका इंजिनाची विमानं अमेरिकेच्या पायपर कंपनीची, दोन इंजिनांची ऑस्ट्रियाच्या डायमंडची.

विदर्भाला विमान शिकवणं तसं नवं नाही. नागपूरचा फ्लाइंग क्लब जुना आहे. गोंदियाजवळ बिरसीला मोठी शाळा आहे. पण अमरावतीच्या पोरांसाठी 'पायलट' हा शब्द आता बडनेऱ्याच्या पुढच्या फाट्याइतका जवळ आलाय. चहाच्या टपरीवर कुणी 'काहून भाऊ, इमान पाह्यले आले काय?' असं विचारलं तर लाजू नका. हाव म्हणा!

कारच्या डॅशबोर्डपेक्षा वेगळं काय?

तुमच्या कारमध्ये इंजिनाबद्दल सांगणाऱ्या किती गोष्टी असतात? एक आरपीएमचा काटा, एक टेम्परेचर आणि एक तेलाच्या किटलीचा लाल दिवा. तो दिवा लागला की आपण काय करतो? गाडी बाजूला घेतो, बॉनेट उघडतो, मेकॅनिकला फोन लावतो आणि येईपर्यंत चहा पितो. पायलटला यातलं काहीच जमत नाही. ३००० फुटांवर शोल्डर लेन नसते.

सेसना १७२ हे जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान. कित्येक देशांतली पोरं याच्यावरच शिकली. त्याचं इंजिन जमिनीपासून ३००० फुटांवर बंद पडलं तर ते दगडासारखं खाली येत नाही. हवेवर तरंगत साधारण ८ किलोमीटर जातं. वारा नसेल तर. आठ किलोमीटर म्हणजे किती? बोरगाव मंजूहून अकोलाही गाठता येणार नाही, एवढंच. तेवढ्यात शेत शोधायचं, वळायचं आणि उतरायचं. वऱ्हाडात शेतं भरपूर आहेत. पण पावसाळ्यातली काळी माती चाक धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिलाच हातभर भेगा पडतात. म्हणून सगळा खेळ एकाच गोष्टीचा. इंजिन बंद पडायच्या आधी, ते बिघडतंय हे कळायला हवं.

त्यासाठी प्रत्येक डायलवर रंग असतात. हिरवी पट्टी म्हणजे बिनधास्त उडा. पिवळी म्हणजे जपून. लाल रेष म्हणजे इथून पुढे नाही. किती साधं! पण खरी गंमत त्या काट्याला हे कळतं कसं, यात आहे. कारण जुन्या विमानांतल्या या काट्यांपैकी कितीतरी काटे बॅटरीशिवाय चालतात. ना चिप, ना सॉफ्टवेअर. विश्वास नाही बसत? मग मूर्तिजापूरला थांबूया.

मूर्तिजापूर : शकुंतलेचा काटा

बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघालं की रस्ता एकदम मख्खन. हा तोच रस्ता ज्याने रेकॉर्ड केलं. जून २०२२मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. लोणी, माना, कुरुम मागे पडतात आणि मूर्तिजापूर येतं.

मूर्तिजापूर म्हणजे शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ते अचलपूर अशी धावणारी ती नॅरोगेज. कापूस वाहण्यासाठी इंग्रजांच्या काळात खासगी कंपनीने टाकलेली, स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं त्याच कंपनीच्या मालकीची राहिलेली. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३मध्ये तिला जोडलं आणि ते १९९४पर्यंत तिला ओढत राहिलं. आता ती गाडी धावत नाही. पण विमानाच्या इंजिनाची पहिली गोष्ट इथंच सांगायला हवी.

वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर एक गोल डायल असते. बॉयलरमध्ये वाफेचा दाब किती, ते सांगणारी. ती चुकली तर बॉयलर फुटायचा धोका. १८४९मध्ये फ्रान्सच्या युजीन बूर्दाँने यावर भन्नाट उपाय काढला. एक पोकळ, चपटी धातूची नळी घ्यायची आणि तिला प्रश्नचिन्हासारखी वाकवायची. एक टोक बंद, दुसऱ्या टोकातून दाब आत सोडायचा. दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते. बंद टोक किंचित सरकतं, त्याला जोडलेली छोटी चाकं फिरतात आणि काटा हलतो. जत्रेत मिळणारी कागदाची गुंडाळलेली पिपाणी आठवते? फुंकलं की उलगडते, सोडलं की परत गुंडाळते. बस्स, तोच फंडा!

आणि हीच वाकडी नळी पुढे विमानात आली. सेसनासारख्या जुन्या विमानांत ऑइल प्रेशरच्या डायलमागे तीच बसलेली आहे. इंजिनातून एक बारीक नळी थेट पॅनेलपर्यंत येते, त्यात खरंखुरं तेल असतं आणि त्याच तेलाच्या दाबाने काटा हलतो. शकुंतलेच्या ड्रायव्हरला वाफेचा दाब आणि पायलटला तेलाचा दाब, दोघांनाही सांगणारी युक्ती एकच. वय पावणेदोनशे वर्षं!

पहिले तीस सेकंद

विमान स्टार्ट झालं की शिकाऊ पायलटचा डोळा सगळ्यात आधी कुठे जायला हवा? बाहेर उभ्या मित्राच्या मोबाइलकडे नाही. ऑइल प्रेशरकडे. तीस सेकंदांत काटा हिरव्याकडे सरकला नाही तर इंजिन तिथेच बंद. थंडीत थोडी सवलत, पण वाद नाही. कारण इंजिनात धातूवर धातू घासत असतो आणि मध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो थर गेला की काही मिनिटांत लाखोंचं इंजिन जाम.

आता उडताना तेलाचा दाब पडला तर? इथं खरी अक्कल लागते. पायलटने घाबरून लगेच खाली बघायचं नसतं. शेजारच्या काट्याकडे बघायचं असतं. तो असतो ऑइल टेम्परेचरचा. दाब कमी दिसतोय, पण तेलाचं तापमान नॉर्मल आहे आणि नॉर्मलच राहतंय? मग कदाचित डायलच बिघडली असेल. जवळच्या विमानतळावर उतरा, तपासून घ्या. पण दाब पडतोय आणि तापमान चढतंय? मग बॉस, ही खरी बातमी आहे. तेल चाललंय. इंजिन किती वेळ साथ देईल याची गॅरंटी नाही. पॉवर कमी करा आणि उतरायला जागा निवडा, आत्ता.

एक काटा खोटं बोलू शकतो. दोन काटे मिळून सहसा खोटं बोलत नाहीत. पायलटला शिकवतात ते हेच. काटे सुटे वाचायचे नाहीत, जोडीने वाचायचे. ऑफिसात एकाच माणसाचं ऐकून मत बनवणाऱ्यांनी हे वाक्य डेस्कवर चिकटवायला हरकत नाही!

आरपीएम : पावसाळ्यात बारीक लक्ष

मूर्तिजापूरहून पुढे रस्ता सरळ. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. जुलैत आलात तर आभाळ अगदी खाली उतरलेलं. उकडतंय, पण हवेत पाणी आहे. अशाच हवेत आरपीएमचा काटा फार महत्त्वाचा होतो.

आधी तो चालतो कसा ते बघा. जुन्या बाइकच्या स्पीडोमीटरला चाकाकडून एक फिरती केबल यायची, आठवतं? तसंच. इंजिनाकडून फिरती केबल येते आणि डायलच्या आत एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पण चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि ती चुंबकामागे ओढली जाते. एक केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत वाटी जिथं थांबते, तिथं काटा थांबतो. इंजिन जितकं जोरात, काटा तितका पुढे.

आता पावसाळ्याची गोष्ट. जुन्या विमानांच्या इंजिनात कार्ब्युरेटर असतो. त्यात पेट्रोलची वाफ होताना हवा एकदम थंड पडते. इतकी थंड, की बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही दमट हवेतल्या पाण्याचा आत बर्फ होतो. वऱ्हाडात, जुलैत, इंजिनात बर्फ! हा बर्फ हवेची वाट अडवतो. पंखा साध्या, ठरलेल्या कोनाचा असेल तर पहिली खूण एकच दिसते. आरपीएम हळूच उतरतो. पन्नास... शंभर... काही आवाज नाही, दिवा नाही. गप्पांत रमलेल्या पायलटला कळतही नाही.

उपाय आहे. कार्ब हीट नावाचा नॉब ओढायचा, म्हणजे गरम हवा आत जाते. पण इथं मनाची परीक्षा असते. नॉब ओढल्यावर आरपीएम आधी आणखी पडतो, इंजिन खडखडतं. नवखा घाबरून नॉब परत ढकलतो. ढकलायचा नाही! बर्फ वितळून पाणी इंजिनातून जात असतं. थोडा धीर धरला की काटा वर चढतो.

अजून एक मस्त टेस्ट. टेकऑफच्या आधी पायलट धावपट्टीजवळ थांबून इंजिन थोडं जोरात करतो. या इंजिनाला ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. एक गेला तर दुसरा आहे. दोघांनाही विमानाची बॅटरी लागत नाही. पायलट आळीपाळीने एकेक बंद करून बघतो. जुन्या सेसना १७२मध्ये १७०० आरपीएमवर ही टेस्ट होते आणि काटा १२५पेक्षा जास्त पडता कामा नये. पण काटा अजिबात पडलाच नाही तर? आनंद? नाही! त्याचा अर्थ तो मॅग्नेटो बंदच होत नाहीये. मग इंजिन बंद करून कुणी पंखा हाताने फिरवला तर तो अचानक सुरू होऊ शकतो. म्हणजे काही न घडणं हीसुद्धा वाईट बातमी असू शकते. सही ना?

पेट्रोल पंपावर एक ब्रेक

हायवेवर पंप दिसला की गाडी वळवा. पेट्रोल भरताना ऐका.

विमानाच्या पेट्रोलच्या डायल सगळ्यात कमी भरवशाच्या. टाकी पंखात असते, लांबट आणि चपटी. आत एक तरंगणारा गोळा. तो वरखाली झाला की विजेचा रोध बदलतो आणि काटा हलतो. बाइकसारखंच. पण विमान वळतं, नाक वर करतं, हलतं आणि पेट्रोल टाकीत हिंदकळतं. म्हणून शहाणा पायलट उडण्याआधी पंखावर चढतो, झाकण उघडतो, काडी बुडवतो आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. मग घड्याळ लावून हिशेब ठेवतो, तासाला किती लागतं, किती वेळ झाला. डायल फक्त साक्षीदार.

मोठ्या विमानांनाही हे चुकलेलं नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ आकाशात चक्क रिकामं झालं! त्याच्या इंधनाच्या डायल बंद होत्या. म्हणून काडीने मोजून हिशेब केला, पण किलोच्या जागी पौंडाचं गणित लागलं. निम्म्याहूनही कमी इंधन भरलं गेलं. दोन्ही इंजिनं बंद. पायलटने ते अजस्र विमान तरंगत आणून गिमली नावाच्या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे ६९ जण वाचले. काडी बरोबर होती, गणित चुकलं. तेव्हा पंपावरच्या मशीनवर झिरो बघायची आपली सवय काही वाईट नाही!

अकोला : जिथं धावपट्टी डोंगरावर चढते

अकोला आलं. मे महिन्यात आलात तर कारचा दरवाजा उघडताच भट्टीचं तोंड उघडल्यासारखं वाटेल. पारा ४५च्या पुढे जाणं इथं नवं नाही. दुपारी रस्त्यावर कुणी नसतं. राजराजेश्वराच्या देवळात, असदगडच्या भिंतीच्या सावलीत काय तो गारवा.

विमानाच्या इंजिनाला हे ऊन दोन बाजूंनी मारतं. एक, ते हवेनेच थंड होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही. सिलिंडरवरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांमधून वारा वाहायचा आणि उष्णता न्यायचा. आता वाराच भट्टीतला असेल तर? म्हणून सिलिंडर हेड टेम्परेचरचा काटा बघायचा. सेसनात बसणाऱ्या लायकमिंग इंजिनांसाठी त्याची लाल रेष साधारण ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सियस. इतक्या गरम जागी टिकणारा सेन्सर कोणता? तर दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला जोडलेल्या. जोड तापला की तारांत आपोआप बारीकशी वीज तयार होते. जितकं तापमान, तितकी वीज. १८२१मध्ये झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलेली ही गोष्ट. म्हणजे उष्णताच स्वतःचा रिपोर्ट लिहिते! धुराड्याचं तापमान सांगणारी डायलही अशाच तारांवर चालते. तिच्याकडे बघून पायलट पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवतो.

काटा चढला तर नाक थोडं खाली करायचं. वेग वाढतो, वारा वाढतो, इंजिन गार होतं. जमिनीवर उगाच इंजिन चालू ठेवून उभं राहायचं नाही. आणि मुख्य म्हणजे पहाटे उडायचं. वऱ्हाडातला शेतकरी उन्हाळ्यात वावरात जातो त्याच वेळेला!

दुसरा मार जास्त चोरटा. गरम हवा विरळ असते. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर. पण ४५ अंशांत इथली हवा जवळजवळ ४८०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. आपलं चिखलदरा किती उंच? साधारण ३७०० फूट. म्हणजे मेच्या दुपारी अकोल्याच्या सपाट धावपट्टीवर उभं असलेलं विमान स्वतःला चिखलदऱ्याच्याही वर समजतं! इंजिनाला श्वास कमी, पंख्याला पकड कमी, पंखांना उचल कमी. धावपट्टी तितकीच, पण लागते जास्त. सगळे काटे हिरव्यात असतील, तरी विमान झाडांच्या वर जाईलच असं नाही. काट्यांना जे दिसत नाही, ते पायलटला कागद-पेन्सिलने काढावं लागतं.

आणि ती धावपट्टी? शहराजवळ शिवणीला. १९४३ची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. बेलोऱ्यापेक्षा जवळपास पन्नास वर्षांनी मोठी. पण नशीब बघा. लांबवायची म्हटलं की जमीन लागते आणि शेजारी आहे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन. जिथं कापसाचं, ज्वारीचं बियाणं तयार होतं ती. विमान हवं, पण वावरही हवं. वऱ्हाडाचा सगळा पेच या एका धावपट्टीत बसलाय. १६ एप्रिल २०२५ला बेलोऱ्यात एटीआर उतरलं, तेव्हाही शिवणी वाटच बघत होती. अकोलेकर 'आपलं कधी?' म्हणतात तेव्हा त्यात थोडी चेष्टा असते आणि बराच राग.

काटे गेले, स्क्रीन आली

आता मुद्द्याचं. बेलोऱ्यासाठी निवडलेल्या पायपर आर्चर डीएक्स विमानात यातलं बरंचसं सामान नाहीच! मॅग्नेटो नाही, कार्ब्युरेटर नाही, कार्ब हीटचा नॉब नाही. १५५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, मूळ बांधणी मर्सिडीझच्या कारमधल्या डिझेल इंजिनावर बेतलेली. पाण्याने थंड होणारं, टर्बोवालं. मोठ्या विमानांचं जेट इंधनच पितं, म्हणजे पेट्रोल शोधत फिरायला नको. टर्बो असल्याने विरळ हवेतही श्वास बऱ्यापैकी टिकतो. अकोल्याच्या उन्हाला उत्तर!

पायलटच्या हातात इंजिनासाठी एकच लिव्हर. ती पुढे ढकलायची, बाकीचं कॉम्प्युटर बघतो. असे दोन कॉम्प्युटर, एक पडला तर दुसरा सांभाळतो. समोर गार्मिनची मोठी स्क्रीन. तिच्यावर पॉवर किती टक्के, आरपीएम, तेलाचा दाब, तेलाचं, पाण्याचं आणि गिअरबॉक्सचं तापमान. रंग मात्र तेच. हिरवा, पिवळा, लाल.

मग काट्यांची भाषा शिकायची कशाला? या गोष्टीसाठी. मार्च २००७, जर्मनीतलं श्पायर गाव. डायमंडचंच दोन इंजिनांचं विमान, कॉम्प्युटरवर चालणारं. बॅटरी उतरलेली होती. बाहेरून वीज जोडून इंजिनं सुरू केली आणि विमान उडालं. वर गेल्यावर चाकं आत घेण्यासाठी मोटर चालू झाली, तिने वीज ओढली, दाब क्षणभर पडला... आणि दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर एकदम रिसेट झाले. दोन्ही इंजिनं बंद. इंजिनांना काहीही झालेलं नव्हतं. तेल हिरव्यात, तापमान हिरव्यात. मेली होती ती बॅटरी. त्यानंतर इंजिनाच्या कॉम्प्युटरसाठी राखीव बॅटरीची सोय झाली.

जुन्या इंजिनात बॅटरीचा काटा पॅनेलच्या कोपऱ्यात असायचा आणि त्याकडे कुणी फारसं बघायचं नाही, कारण मॅग्नेटोला विजेची फिकीर नव्हती. नव्या इंजिनात तोच काटा तेलाच्या दाबाइतका मोठा झालाय. मशीन बदलली की कुठला काटा आधी बघायचा हेही बदलतं. बेलोऱ्यात शिकणाऱ्या पोरांनी स्क्रीनवरचा आकडा नुसता वाचून भागणार नाही. तो आकडा कुठून आला, त्याच्यामागे वाकडी नळी आहे, गरम तार आहे की उतरत चाललेली बॅटरी आहे, हे माहीत असायला हवं. त्यांच्या घरच्यांनी पायलटच्या लायसन्ससाठी लाखो रुपये लावलेले असतील, कुणी वावर गहाण टाकलेलं असेल. कमर्शियल लायसन्सला लागणारे २०० तास तसे पटकन भरतात. त्या प्रत्येक तासात दर काही मिनिटांनी नजर फिरवायची सवय मात्र अंगात मुरवावी लागते.

पुढच्या वेळी अमरावतीला जाताना किंवा कपाशीच्या वावरावरून एखादं छोटं पांढरं विमान घरघरत गेलं तर मान वर करा. आत कुणीतरी विशीतलं बसलेलं असेल आणि बाहेरचं सुंदर वऱ्हाड बघायचं सोडून डायलकडे बघत असेल. बघू दे!

जायचंय? हे लक्षात ठेवा

कसं जाल : मुंबईहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडा. ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला पोचते. म्हणजे आपला अख्खा रूट झोपेतच! परत येताना मात्र कारने अकोल्यापर्यंत या आणि तिथून ट्रेन घ्या.

कधी जाल : ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. श्रावणात गेलात तर अकोल्याची कावड यात्रा मिळेल. पूर्णेचं पाणी खांद्यावरून राजराजेश्वराला आणतात. मे महिना फक्त हिंमतवाल्यांसाठी.

काय खाल : अमरावतीत गिला वडा. दह्यात बुडालेला, वर झणझणीत चटणी. एका प्लेटवर थांबणं अवघड.

काय करू नका : धावपट्टीच्या कुंपणाशी जाऊन मोबाइल काढू नका. विमानतळाचे फोटो परवानगीशिवाय काढायचे नसतात. रस्त्यावरून बघा, आभाळ फुकट आहे.

घरी आल्यावर : लॅपटॉपवर एखादा फ्लाइट सिम्युलेटर टाका आणि सेसना १७२ निवडा. स्टार्ट करा. आणि तीस सेकंद फक्त एकाच काट्याकडे बघा. कुठल्या, ते आता सांगायला नको!